गेट २०२५, मेकॅनिकल: फौंड्रीची नोकरी सांभाळून केलेल्या तयारीच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार, येळ्ळूर (बेळगाव)

दिवाळी सरली. उद्या तुळशीचं लग्न, आणि शिवारात भातकापणी जोरात आहे. गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेशासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, फॉर्म सप्टेंबरातच भरला होता, महिलांना शुल्क ९०० रुपये होतं. मेकॅनिकलचा पेपर २ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा. म्हणजे हातात डिसेंबर, जानेवारी आणि या महिन्याचा उरलेला तुकडा. उद्यमबागेतल्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला जनरल शिफ्ट आहे, पण महिनाअखेरीला डिस्पॅच अडकला की सात वाजतात. परीक्षेच्या आधीचा आठवडाच तेवढा रजेचा, असं साहेबांनी सांगितलं आहे.

आज फक्त पेपर समजून घेतला. ६५ प्रश्न, १०० गुण, १८० मिनिटं. ॲप्टिट्यूडला १५ गुण, गणिताला १३, मेकॅनिकलच्या विषयांना ७२. गुणामागे १.८ मिनिटं पडतात. कोचिंगवाल्यांची वेळापत्रकं आठ-दहा महिन्यांची असतात. ती अडीच महिन्यांत कोंबायला गेलं तर प्रत्येक विषयाची पहिली दोन प्रकरणं होतील आणि पुढचं सगळं राहील. म्हणून मी वेळापत्रक उलट्या बाजूनं करणार आहे: काय सोडायचं ते आधी ठरवायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून दिवसभर अंगणात बसले. एकही गणित सोडवलं नाही. नुसता प्रश्न वाचायचा आणि समोर लिहायचं: येतं, येऊ शकतं, या खेपेला नाही.

गणित आणि ॲप्टिट्यूड मिळून २८ गुण. एवढे गुण मेकॅनिकलच्या कुठल्याच एका विषयाला नाहीत, म्हणून ते पहिले. त्यानंतर मॅन्युफॅक्चरिंग, मेट्रोलॉजी (मोजमापशास्त्र) आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, कारण हे माझं रोजचं काम आहे. कास्टिंग (ओतीव भाग) मी डोळ्यांनी ओळखते, गेज हातात असतो. त्याला सूत्र आणि आकडा जोडला की गुण होतात. मग एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) आणि थर्मो (थर्मोडायनॅमिक्स). हीट ट्रान्सफर आणि फ्लुइडमधलं फक्त पायाभूत.

सोडलेल्यात टर्बोमशिनरी पूर्ण, व्हायब्रेशनमधलं एका स्प्रिंग-वस्तुमानापलीकडचं सगळं, आणि मशीन डिझाइनमधली लांबलचक गणितं. कॉलेजात व्हायब्रेशन मला आवडायचं, त्यामुळे ते वगळताना जड गेलं. पण पाच गुणांसाठी तीन आठवडे देण्याइतका वेळ नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

येळ्ळूरहून गोवावेस, तिथं बस बदलून उद्यमबाग. कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासून बायकांना तिकीट शून्य, त्यामुळे सकाळच्या गाडीला उभं राहायलाही जागा नसते. उभ्यानं गणित सुटत नाही, पण पाठांतर होतं. खिशात मावतील एवढे कार्डाचे तुकडे केलेत. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. बसमध्ये फक्त आठवायच्या गोष्टी: आयगेनव्हॅल्यूंची बेरीज म्हणजे ट्रेस, गुणाकार म्हणजे डिटर्मिनंट. प्वासाँ वितरणात सरासरी आणि व्हेरियन्स सारखे. न्यूटन-रॅफसनचं पुढचं पाऊल. समजून घ्यायचं ते रात्री टेबलाशी, आठवायचं ते बसमध्ये. ही वाटणी कायम ठेवायची.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आजची नोंद मोठी होणार, कारण आज ज्या कारणासाठी मी ही परीक्षा देतेय ते कारणच हाताला लागलं.

च्वोरिनोव्हचा नियम. कास्टिंग गोठायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्ही बाय ए ला मोड्युलस म्हणतात. जाड गोळ्याला थंड व्हायला पृष्ठभाग कमी मिळतो म्हणून तो उशिरा गोठतो, पातळ पट्टी झटकन गोठते. रायझर (कास्टिंगला जादा धातू पुरवणारा साठा) कास्टिंगच्या नंतर गोठला पाहिजे, तरच शेवटपर्यंत वितळलेला धातू आत ओढला जाईल आणि श्रिंकेज (आकुंचनाची पोकळी) रायझरमध्ये राहील.

परीक्षेत प्रश्न कसा येतो? २०० × १०० × २० मिमीची प्लेट आहे. बाजूला दंडगोल रायझर आहे, उंची व्यासाएवढी. प्लेटपेक्षा रायझरला गोठायला २५ टक्के जास्त वेळ लागला पाहिजे, तर व्यास किती? प्लेटचं घनफळ ४,००,००० घन मिमी, पृष्ठफळ ५२,००० चौ. मिमी, मोड्युलस ७.६९. उंची व्यासाएवढी असली की दंडगोलाचा मोड्युलस डी भागिले ६. वेळ १.२५ पट हवा म्हणजे मोड्युलस १.२५ च्या वर्गमुळाएवढा, १.११८ पट. व्यास ५१.६ मिमी.

हे करताना एक सुंदर गोष्ट दिसली. ए बाजूचा घन, ए व्यासाचा गोल, आणि व्यास-उंची दोन्ही ए असलेला दंडगोल, तिघांचाही मोड्युलस ए भागिले ६. म्हणजे तिघं बरोबरच गोठतील. पण घनफळ सारखं ठेवलं तर गोलाला घनापेक्षा साधारण दीडपट वेळ लागतो (१.५४). हे दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या रूपात विचारता येतात आणि दोन्ही आता अर्ध्या मिनिटात सुटतात.

जेवणाच्या सुट्टीत मोल्डिंगच्या मामांना विचारलं, तुम्ही रायझर कसा ठरवता? मामा गावातलेच, तीस वर्षं साचे भरताहेत. म्हणाले, "कास्टिंगचा जाड भाग बघायचा, त्याच्याहून जरा दांडगा ठेवायचा. कमी पडला तर फोडून बघितल्यावर आत दिसतंय की." ओतायची पद्धत ठरवणाऱ्या मेथड विभागात रायझरचा मोड्युलस कास्टिंगच्या १.२ पट धरतात. त्याचा वर्ग १.४४, म्हणजे वेळ ४४ टक्के जास्त. पुस्तकातल्या गणितापेक्षा शॉप जास्त सावध असतो.

पण आमच्या शॉपमधलं सगळं त्या सूत्रात बसत नाही. आम्ही ग्रे आणि एसजी आयर्न (बिडाचे दोन प्रकार) ओततो. त्यात गोठताना ग्रॅफाइट बाहेर पडतं आणि ते जागा वाढवतं, म्हणून आकुंचन काही अंशी आतल्या आत भरून निघतं. साचा घट्ट नसेल तर तीच वाढ साच्याची भिंत बाहेर ढकलते आणि कास्टिंग पोकळ राहतं. त्याच मोड्युलसचा रायझर साच्याच्या एका पेटीत चालतो आणि दुसऱ्या पेटीत चालत नाही, याचं कारण इथं आहे. मामांच्या हाताला ते कळतं. मला ते मोजायचं आहे, त्यासाठीच पुढचं शिक्षण हवं आहे.

१ डिसेंबर, रविवार

मळणी. सकाळपासून शेतात. रात्री अर्धा तास कार्डं चाळली, एवढंच. सुगीत एक दिवस जाणार हे वेळापत्रकात धरलेलंच होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

पॅकिंग विभागात बैलहोंगलचा एक मुलगा आहे, गेल्या वर्षी पास होऊन आला. तोही याच पेपरला बसतोय हे आज कळलं. घरी कन्नड, माझ्याशी मोडकं मराठी, सूत्रं इंग्रजीत. "अक्का, डिफरन्शियल इक्वेशन मी सांगतो, तुम्ही मेट्रोलॉजी सांगा," म्हणाला. उद्यापासून जेवणाची सुट्टी दोघांची. डबा पंधरा मिनिटं, उरलेल्या वेळात एकमेकांना एक एक गणित.

आज मी त्याला २५ मिमीचं एच७-जी६ (भोक आणि शाफ्टची बसणी) दाखवलं. भोक शून्य ते +२१ मायक्रॉन, शाफ्ट −७ ते −२०. कमीत कमी फट ७, जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. भोक तपासायच्या प्लग गेजचं गो टोक (जे आत जायलाच हवं) भोकाच्या लहान मापाचं आणि नो-गो (जे जाता कामा नये) मोठ्या मापाचं का, हे त्यानं हातात गेज घेतल्यावर लगेच सांगितलं. त्यानं कॉलेजात हे दोनदा पाठ केलं होतं म्हणे.

९ डिसेंबर, सोमवार

आजपासून सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. हलग्याकडचा हायवे आणि शहरातले चौक पोलिसांनी भरलेत, सीमाभागातल्या मराठी लोकांच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली म्हणून गावातही वातावरण तंग आहे. बस गोवावेसला बराच वेळ अडकून राहिली. ॲप्टिट्यूडचे प्रश्न तिथंच काढले.

ॲप्टिट्यूडबद्दल: दहा प्रश्न, त्यातले पाच एका गुणाचे, पाच दोन गुणांचे. इंग्रजी वाक्यं, टक्केवारी, तर्क, आकृत्या फिरवणं. मराठी शाळेतून आलेल्या आमच्या भागातल्या मुलांना इंग्रजीची भीती असते, आणि ती भीती निष्कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण इथं साहित्य विचारत नाहीत. वाक्यात कुठला शब्द बसतो आणि परिच्छेदातून काय निष्कर्ष निघतो, एवढंच. रोज एक इंग्रजी अग्रलेख आणि त्यावर स्वतःलाच दोन प्रश्न विचारायचे, एवढं पुरतं. बाकीचं टक्केवारीचं काम तर रोज रिजेक्शन रिपोर्टमध्ये करतेच.

१४ डिसेंबर, शनिवार

माहीत नसलेल्या प्रश्नाचं काय करायचं, हे पेपरात बसून ठरवायचं नसतं. आज कागदावर ठरवलं.

दोन गुणांचा एकच पर्याय निवडायचा प्रश्न: बरोबर आला तर २, चुकला तर दोन-तृतीयांश वजा. चारही पर्याय अंधारात असतील तर सरासरी मिळकत ०.५ उणे ०.५, म्हणजे शून्य. एका गुणाच्या प्रश्नालाही तेच. पण एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर सरासरी +०.२२ होते, दोन पर्याय बाद केले तर +०.६७. म्हणून नियम असा: निदान एक पर्याय कारण देऊन बाद करता आला तरच हात घालायचा. नुसता अंदाज घेऊन फायदा नाही, आणि त्यात वेळ जातो तो वेगळाच.

अनेक पर्याय बरोबर असणारे प्रश्न २०२१ पासून आले. त्यात चुकीला वजाबाकी नाही, पण अर्धवट बरोबरला गुणही नाहीत. आकडा लिहायच्या प्रश्नालाही वजाबाकी नाही. त्यामुळे या दोन प्रकारांत एकही जागा रिकामी ठेवायची नाही. बैलहोंगलच्या पोराला सांगितलं तर त्यानं ते डब्याच्या झाकणावर पेननं लिहून ठेवलं.

२२ डिसेंबर, रविवार

शहरातल्या चुलतभावाकडे कॉम्प्युटर आहे. तिथं पूर्ण तीन तासांची सराव परीक्षा दिली. वहिनीनं दार लावून घेतलं आणि मुलांना बाहेर काढलं.

कागदावरच्या सरावात न कळणारी गोष्ट म्हणजे कॅल्क्युलेटर. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, पडद्यावरचाच वापरायचा, तोही माऊसनं. कीबोर्ड बंद असतो. ऑटो सायकलची (पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राची) कार्यक्षमता काढायची, कॉम्प्रेशन रेशो ८, गॅमा १.४. हातातल्या कॅल्क्युलेटरवर ८ चा ०.४ घात दोन सेकंदांत येतो. पडद्यावर एक्स-वाय चं बटण शोधून, कंस सांभाळून उत्तर ०.५६५ येईपर्यंत बराच वेळ जातो. डिग्री आणि रेडियनकडे प्रत्येक वेळी बघावं लागतं. म्हणून यापुढे घरचाही सराव पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवर. फोनवर बोटानं नको, माऊसनंच. भाऊ म्हणाला, रविवारी ये, मशीन तुझंच.

गुण चाळिशीच्या घरात. जे विषय धरले त्यातच आले आणि सोडलेल्यांत गेले. म्हणजे विषयांची निवड ठीक आहे, आता वेग हवा.

२६ डिसेंबर, गुरुवार

शहर दिव्यांनी झगमगतंय. १९२४ साली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. त्याची शताब्दी आहे. गावातली सगळी माणसं रोषणाई बघायला निघाली, आईही गेली. रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली, उद्याची सभा रद्द.

घर रिकामं होतं म्हणून सलग तीन तास मिळाले. क्यूइंग थिअरी (रांगांचं गणित) पूर्ण केली, आणि उदाहरण आमच्याच तपासणी टेबलाचं घेतलं. तासाला सरासरी ४ ट्रे येतात, एक तपासनीस तासाला ५ करू शकतो. वाटतं, माणूस कामापेक्षा वेगवान आहे, रांग लागायला नको. पण सूत्र सांगतं, ट्रे सरासरी ४८ मिनिटं नुसता थांबून राहतो. तपासनीसाचा वेग ५ वरून ६ केला तर थांबणं २० मिनिटांवर येतं. क्षमता वीस टक्क्यांनी वाढवली आणि प्रतीक्षा निम्म्याहून खाली आली. आमच्या साहेबांना दर महिन्याला पडणाऱ्या प्रश्नाचं उत्तर अभ्यासक्रमाच्या एका ओळीत आहे. हे परीक्षेपुरतं ठेवणार नाही, जानेवारीच्या मीटिंगला मांडणार.

त्याच तीन तासांत प्वासाँ: रिजेक्शन २ टक्के, लॉट १०० चा. एकही खराब नग नसण्याची शक्यता १३.५ टक्के. म्हणजे सातातल्या सहा लॉटमध्ये काहीतरी निघणारच. ग्राहकाला हे कसं समजवायचं ते मात्र सूत्रात नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

थर्मो आणि हीट ट्रान्सफर. जमतंय. एसओएममध्ये मोअरचं वर्तुळ आणि पातळ भिंतीचे सिलिंडर पक्के. व्हायब्रेशन उघडायचा मोह झाला, उघडलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

हॉल तिकीट हातात आलं, केंद्र बेळगावच. मुलींना हुबळीला किंवा कोल्हापूरला आदल्या दिवशी जाऊन राहायचं म्हटलं की घरात प्रश्न उभे राहतात. त्यामुळे सगळ्यांनाच हायसं वाटलं.

तिळगूळ वाटून झाल्यावर आप्पांनी पहिल्यांदा विचारलं, "लागला नंबर तर नोकरी सोडावी लागंल काय?" लागेल. गेटवरून एमटेकला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन असतं. माझा पगार त्याहून जास्त आहे, आणि घरात त्यातूनच दुभत्या म्हशीचं कर्ज फिटतंय. हिशेब वहीवर मांडून दाखवला: दोन वर्षं, वसतिगृहाचा खर्च, हातातली शिल्लक. गुण तीन वर्षं चालतात हेही सांगितलं. यंदा जमलं नाही तर कर्ज फेडून पुढच्या वर्षी त्याच गुणांवर अर्ज करता येतो. आप्पा बराच वेळ आकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हशीचं माझ्यावर सोड."

आईला मी रांचीचं सांगितलं होतं. तिथं १९६६ साली फौंड्री आणि फोर्जसाठीच राष्ट्रीय संस्था काढली. नाव आता बदललंय, पण एवढ्या ओतकामाच्या शहरात राहून ती संस्था बघायची नाही हे मला पटत नाही. "रांची म्हंजे किती लांब गे?" आईचा एवढाच प्रश्न. सुरतकलचं एनआयटीही यादीत आहे, ते तिला जवळचं वाटतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

हुतात्मा दिन, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा. सकाळी हुतात्मा चौकात आप्पांबरोबर अभिवादनाला गेले आणि तिथूनच कामावर. मीटिंगमध्ये तपासणी टेबलाचं गणित मांडलं. साहेबांनी दुसऱ्या तपासनीसाची मागणी वर पाठवतो म्हटलं. डब्याच्या वेळी पोरानं कॉम्प्लेक्स व्हेरिएबलचा रेसिड्यू इतका सोपा करून सांगितला की दोन वर्षं ते मला अवघड का वाटत होतं तेच कळेना.

२६ जानेवारी, रविवार

रजा सुरू. नवीन काहीही वाचायचं नाही असं ठरवलं आहे. सूत्रांची एकच वही, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, आणि रोज साडेनऊ ते साडेबारा बैठक. शरीराला त्याच वेळेची सवय हवी. संध्याकाळी राजहंसगडापर्यंत चालणं.

ईओक्यूचं (एका वेळी किती नग मागवायचे त्याचं) एक गणित मुद्दाम रोज करते, कारण ते तोंडी सुटतं आणि मन स्थिर होतं: वर्षाची मागणी १,२००, ऑर्डरचा खर्च १००, साठवणूक नगाला ६, उत्तर २००.

२ फेब्रुवारी, रविवार

पहाटे धुकं होतं. भावानं मोटारसायकलवर केंद्रावर सोडलं. हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, पेन. कच्च्या कामाची वही तेच देतात, परत घेतात.

क्रम ठरल्याप्रमाणे: आधी ॲप्टिट्यूड, मग गणित, मग मॅन्युफॅक्चरिंग आणि इंडस्ट्रियल, मग एसओएम आणि थर्मो. पहिल्या फेरीत ज्यांची वाचताच वाट दिसते तेवढेच. दुसऱ्या फेरीत लांबची गणितं. शेवटचा अर्धा तास आकडा लिहायच्या जागा भरायला आणि दशांशाची स्थळं तपासायला. किती स्थळांपर्यंत उत्तर हवं ते प्रश्नातच असतं, तिथं उत्तर हातातून जाऊ शकतं. सोडलेल्या विषयांचे प्रश्न समोर आले तेव्हा त्यांच्यावर एक मिनिटही थांबले नाही. त्यातून वाचलेला वेळ दुसऱ्या फेरीला पुरला.

बाहेर पोरगा भेटला. डब्याच्या झाकणावरचा नियम पाळलास का विचारलं. "अक्का, एकही रिकामा नाही."

८ फेब्रुवारी, शनिवार

कामावर रुजू. पुढची कामं: उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरतालिका आली की प्रश्नागणिक ताळा करायचा. निकाल १९ मार्चला. त्यानंतर आयआयटींच्या ऑफर सीओएपी या सामाईक पोर्टलवर, एनआयटींसाठी सीसीएमटी ही सामाईक प्रवेशप्रक्रिया, आणि प्रत्येक संस्थेचा अर्ज वेगळा. तारखांचा तक्ता आप्पांच्या कॅलेंडरावर लावणार. पोराला पुढच्या आठवड्यात सीसीएमटीसाठीची कागदपत्रं गोळा करायला लावायची आहेत. जातीचा दाखला काढायला त्यांच्या तालुक्यात वेळ लागतो.

शॉपमध्ये नवीन पंप बॉडीचा पॅटर्न आला आहे. मामांनी सकाळीच गाठलं: "तुझ्या गणितानं यंदा रायझर काढून बघू." जाड फ्लँजचा मोड्युलस १.४ सेंमीच्या आसपास येतोय. सोमवारी दोन पेट्या ओतायच्या, एक मामांच्या अंदाजाची आणि एक १.२ पटीची, आणि दोन्ही फोडायच्या. साच्याची घट्टताही दोन्ही पेट्यांत मोजून लिहून ठेवायची आहे.